जुनेर, कपाट आणि फोटोतला चेहरा



मागच्या महिन्यात अपरिग्रहावर सामूहिक चिंतन झालं. त्यानंतर इंदूरच्या एका ताईंनी ग्रुपवर प्रश्न टाकला होता. त्यांची मुलगी नोकरी करते आणि हल्ली नवे कपडे घेतच नाही. इन्स्टाग्रामवर लोक आपले वापरलेले कपडे विकायला ठेवतात, तिथून मागवते. कुर्ता दोनशेला, जीन्स अडीचशेला. म्हणते, आई, यात पाणी वाचतं, कापूस वाचतो, कचरा कमी होतो. पण महिन्याला सात-आठ पार्सलं दारात येतात! ताईंनी विचारलं होतं, हा अपरिग्रह म्हणायचा, की परिग्रहच, फक्त स्वस्तातला?

प्रश्नाखाली जोडलेले हात पुष्कळ आले, फुलं आली, उत्तर कुणी लिहिलं नाही. म्हणून हे चार शब्द. मी अधिकारी व्यक्ती वगैरे नाही. बडोद्याला आमच्या केंद्रात दिवाळीआधी वस्त्रसंकलन असतं, त्यात सात-आठ वर्षं कपडे निवडायला बसते, तेवढाच माझा अभ्यास.

पतंजलींच्या पाच यमांत अपरिग्रह शेवटचा. आपण तो लगेच मोजणीवर नेतो. साड्या किती, चपला किती, मिक्सरची भांडी किती. मोजणं सोपं असतं ना! पण कपड्यांच्या ढिगापाशी बसून बसून मला असं वाटायला लागलंय की संख्येच्याही आधी एक गोष्ट येते, आणि ती म्हणजे लाज. वापरल्याची खूण दिसण्याची लाज. ती एकदा मनात शिरली की माणूस नवं घेऊ दे नाहीतर जुनं, पार्सलं येतच राहतात.

जुनेर हा शब्द आता कानावर पडत नाही. धुऊन धुऊन मऊ पडलेलं सुती लुगडं म्हणजे जुनेर. घरात बाळंतपण जवळ आलं की आमची आजी आधी ट्रंक उघडून जुनेरं काढायची. बाळाचे लंगोट, दुपटी, बाळंतिणीच्या पोटाला बांधायचा पट्टा, सगळं त्यातून व्हायचं. नव्या कापडाला खळ असते, ती कोवळ्या अंगाला टोचते, म्हणून नवं नकोच. काही घरांत तर म्हाताऱ्या, दीर्घायुषी माणसाच्या धोतराचा नाहीतर लुगड्याचा तुकडा मुद्दाम मागून आणत आणि त्याचं पहिलं झबलं शिवत. म्हणजे जगात आलेल्या जिवाच्या अंगाला पहिलं कापड लागायचं ते कुणीतरी वापरलेलं. त्यात कमीपणा सोडाच, त्यात आशीर्वाद आहे अशी समजूत होती. पुढे त्याच लुगड्याची गोधडी, गोधडी विरली की पायपुसणं, आणि उरलंसुरलं चुलीवरचं भांडं उतरवायचं फडकं.

आपल्या भाषेत झिजणं हा शब्द हिणवण्यासाठी नाही, हे कधी लक्षात आलंय का? चंदन झिजतं, सहाण झिजते, देवळाचा उंबरा झिजतो, आई मुलांसाठी झिजते. ज्याच्यावर झीज दिसते ते कुणाच्या तरी कामी आलेलं असतं.

अर्थात, जुन्या दिवसांना उगाच आरती ओवाळायला नको. आजीकडे रोजची तीन लुगडी होती, त्यातलं एक अंगावर, एक वाळत, एक घडीत. तिला कुणी विचारलं असतं तर तिने हौसेने दहा घेतली असती. तिच्या काटकसरीत साधना किती आणि नाइलाज किती, हे आता कुणी सांगू शकणार नाही. पण वापरलेल्या कापडाची तिला घाण वाटत नव्हती, एवढं मात्र खरं.

मग यायची भांडीवाली. महाराष्ट्रात तिला बोहारीण म्हणतात. आमच्या गुजरातेत हा धंदा बहुतेक देवीपूजक समाजाच्या बायका करतात. डोक्यावर स्टीलची पातेली, पाठीवर गाठोडं. एक पातेलं मिळवायला अर्धा तास घासाघीस. तिचे भाव ठरलेले असत. पुरुषाच्या पॅन्टला मान जास्त, विटलेल्या सुती साडीला जवळजवळ नाही, आणि खऱ्या जरीचा काठ दिसला की ती उगाच दुसरीकडे बघायची, म्हणजे आपल्याला संशय येऊ नये! त्या जरीतली चांदी जाळून काढतात हे आमच्या आईला माहीत होतं. तीही काही कमी नव्हती.

हे गाठोडं पुढे कुठे जातं, याचा आपण विचार करत नाही. दिल्लीत रघुबीर नगरला अशा जुन्या कपड्यांचा मोठा बाजार पहाटे उजाडायच्या आधी भरतो, आणि तिथे व्यापार करणाऱ्या पुष्कळ बायका मूळच्या गुजरातेतल्याच. फाटलेलं शिवतात, विटलेलं रंगवतात, इस्त्री मारून मजुरांच्या बाजारात उभं करतात. अगदीच गेलेलं असेल तर गॅरेजमध्ये पुसायला चिंधी. परदेशातले टाकलेले कपडे तर जहाजाने आपल्या कच्छमध्ये येतात. कांडल्याच्या विशेष आर्थिक क्षेत्रात गठ्ठे फोडून बायका ते हाताने निवडतात, चांगले ते पुन्हा आफ्रिकेकडे रवाना होतात. लोकरीच्या चिंध्या पानिपतला जातात. चिंध्या म्हणून आणायचे तर ते कपडे कापलेले असावे लागतात, म्हणजे कुणी तसेच अंगात घालू नयेत. पानिपतला त्यांची बटणं-चेन काढतात, रंगाप्रमाणे ढीग लावतात, पिंजून त्याचं सूत काढतात आणि ब्लँकेटं विणतात. पुरात, भूकंपात मदत म्हणून जी स्वस्त ब्लँकेटं वाटली जातात, त्यांत पानिपतची भरपूर असतात. कुणाचा तरी लंडनमधला कोट आपल्याकडच्या पूरग्रस्ताच्या अंगावर!

आता आपल्या कपाटाकडे येऊ. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात देहाला कपड्याची उपमा दिली आहे, ती आपल्या सगळ्यांना पाठ आहे. कुणी गेलं की पहिल्यांदा तोच श्लोक म्हटला जातो. त्या उपमेत माणूस जीर्ण झालेलं वस्त्र टाकतो, असं आहे. जीर्ण झालेलं! वस्त्रसंकलनात येणाऱ्या कपड्यांपैकी निदान अर्धे जीर्ण सोडाच, धड चुरगळलेलेही नसतात. काहींवर दुकानाचं लेबल लटकत असतं. मी देणाऱ्यांना सहज विचारते, काय बिघडलंय याचं? उत्तरं ऐकण्यासारखी असतात. एक आजकाल फार ऐकू येतं, “अहो, हा फोटोत येऊन गेलाय.”

पहिल्यांदा मला कळलंच नाही. मग कळलं. नणंदेच्या लग्नात हा ड्रेस घातला, सगळे फोटो स्टेटसला लागले, फेसबुकवर गेले, आता पुतण्याच्या मुंजीत तोच कसा घालायचा? लोक म्हणतील हिच्याकडे एकच आहे. म्हणजे कापड घालून झिजत नाही, धुऊन विटत नाही, ते कॅमेऱ्याने जुनं होतं! दोन तास अंगावर होतं, आणि संपलं त्याचं आयुष्य. इंदूरच्या ताईंच्या मुलीला जे कपडे दोनशेला मिळतात, त्यांतले बरेच याच रांगेतून आलेले असणार. कुणीतरी फोटोपुरते घातले आणि विकले.

म्हणून मला कपड्याचा आणि फोटोचा प्रश्न वेगळा करता येत नाही.

फोटो सुधारणं हे काही आजचं खूळ नव्हे. पूर्वी स्टुडिओत काळा-पांढरा फोटो काढला की निगेटिव्हवर बारीक पेन्सिलने काम करून चेहऱ्यावरचे व्रण, मुरमांचे डाग घालवत. त्याला ‘टचिंग’ म्हणायचे, आणि मुलीला दाखवायच्या फोटोला टचिंग हवंच असा आग्रह असायचा. पुढे हाताने रंग भरलेले फोटो आले, गालावर गुलाबी, साडीला हिरवा. बडोद्याच्या माणसाला राजा रविवर्म्याचीही आठवण होणारच. महाराज सयाजीरावांनी त्यांच्याकडून पुराणातली चित्रं करवून घेतली, आणि १८९४ साली रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना काढल्यावर त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी गेल्या. पुढे त्या चित्रांची कॅलेंडरं झाली आणि त्यांवर कंपन्यांनी आपला माल विकला. एका साधक बंधूंनी मला विचारलं होतं, देवीच्या चित्रात तरी कुठे सुरकुती असते? नसते. पण देवीपुढे आपण हात जोडतो, तिच्याशी स्वतःची तुलना करायला आरशापुढे उभं राहत नाही. मासिकातल्या बाईला बघून नेमकं तेच होतं, आणि ते व्हावं म्हणूनच ती तिथे छापलेली असते.

परदेशात यावर कायदे झाले. इस्रायलने २०१२ साली कायदा केला की जाहिरातीत संगणकाने बाईला बारीक केलं असेल तर तसं लिहा, आणि फार कृश मॉडेलना काम देऊ नका. फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून शरीराचा आकार बदललेल्या जाहिरातीवर ‘सुधारलेला फोटो’ असं छापणं बंधनकारक आहे. न पाळल्यास ३७,५०० युरो दंड, आणि जाहिरातीवरच्या खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंतही तो जाऊ शकतो. नॉर्वेने २०२२ पासून हाच नियम पैसे घेऊन सोशल मीडियावर जाहिरात करणाऱ्यांनाही लावला. ब्रिटनची एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. २०११ च्या जुलैत तिथल्या जाहिरात-नियामक संस्थेने लॅन्कोम कंपनीची एक जाहिरात बंद करवली. त्यात ज्युलिया रॉबर्ट्स होती, तेव्हा ती ४३ वर्षांची. चेहरा असा की जणू आताच घडवून काढलाय. संस्थेने विचारलं, हे फाउंडेशनने झालं की संगणकाने, मूळ फोटो दाखवा. कंपनी दाखवू शकली नाही, कारण अभिनेत्रीशी झालेल्या करारात त्याला परवानगी नव्हती. जगातल्या सुंदर बायकांत जिची गणना होते, तिचाही खरा चेहरा तपासणाऱ्याला दाखवायची सोय नाही. मग आपण तिच्यासारखं व्हायचं म्हणजे नेमकं कुणासारखं?

पण या सूचना छापून फारसा उपयोग होत नाही, असं पुष्कळ अभ्यासांत दिसून आलं आहे. फोटो सुधारलेला आहे हे वाचूनही बघणारीला स्वतःबद्दल तितकंच वाईट वाटतं. मला याचं आश्चर्य वाटलं नाही. आपल्या वेदान्ताच्या अभ्यासवर्गात दोन दृष्टान्त येतात. दोरीवर साप दिसला, दिवा आणला, साप गेला. पुन्हा दिसत नाही. मृगजळाचं तसं नाही. ते पाणी नव्हे हे कळलं तरी डोळ्यांना पाणी दिसतच राहतं. फरक इतकाच की जाणता माणूस घागर घेऊन तिकडे धावत नाही. फोटोतला चेहरा मृगजळाच्या जातीचा आहे. खोटा आहे हे ठाऊक असून तो दिसतोच, आणि दिसणार. आपल्या हातात धावणं-न धावणं एवढंच. आणि इथे एक अडचण आहे जी वाळवंटातल्या हरणाला नसते. एकटी मुलगी धावायची थांबली, तरी बाकीचे सगळे तिला त्याच पाण्याने मोजत राहतात.

हे मी हवेत बोलत नाही. माझ्या बहिणीच्या मुलीचं लग्न जमवणं चालू आहे. मुलगी एमएस्सी झालेली, नोकरी करणारी, रंगाने सावळी, हसली की गालावर छान खळी पडते. बायोडेटासाठी स्टुडिओत फोटो काढला. स्टुडिओवाल्याने न विचारताच रंग उजळला, नाक थोडं सरळ केलं आणि ती खळी पुसून टाकली! त्याला तो डाग वाटला असावा. घरच्यांनी म्हटलं, चालेल, सगळेच करतात. पाहुणे आले. चहा-पोहे झाले. मुलाच्या आई अगदी सौम्य आवाजात म्हणाल्या, “फोटोत जरा उजळ वाटत होती.” बस, एवढंच. भाची आत येऊन मला म्हणाली, “मावशी, त्यांना ती आवडली होती. मी तिच्या नावावर आले.”

ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. स्वतःच्याच फोटोची तोतया झाली पोर.

आपल्या देशात फेअर अँड लव्हली १९७५ पासून विकलं गेलं आणि २०२० साली त्यातला ‘फेअर’ शब्द काढून टाकला. चांगलं झालं. आपल्या वधू-वर मंडळांच्या याद्यांमधून ‘गोरी’ हा शब्द मात्र निघालेला नाही. तो कुठल्या कंपनीने घातलेला नाही, तो आपण भरतो, आपल्या हस्ताक्षरात.

भाचीने नंतर मोबाइलवर काढलेला साधा फोटो बायोडेटाला लावला. विचारणा कमी झाल्या. अजून जमलेलं नाही. बहीण रात्री फोन करून विचारते, जुना फोटो लावू का परत? मी नको म्हणते. पण मुलगी तिची आहे, वय वाढतंय, आणि तत्त्व माझं आहे. दुसऱ्याच्या मुलीच्या भरवशावर तत्त्व पाळणं फार सोपं असतं, हे मला दिसतं.

हीच भाची, बरं का, वापरलेले कपडे बिनदिक्कत घालते. मैत्रिणीचा टॉप, कुणा अनोळखी मुलीचं जॅकेट, कशाची लाज नाही. आमच्या पिढीला हे जमलं नसतं. आम्ही बहिणीची साडी नेसू, पण अनोळखी माणसाच्या अंगचं कापड? छे. उलट आम्ही आमचे चेहरे जसे आहेत तसे घेऊन मिरवतो, आणि या मुली फिल्टर लावल्याशिवाय आजीला गुड मॉर्निंगसुद्धा पाठवत नाहीत. कपड्यावरची झीज त्यांना चालते, चेहऱ्यावरची नाही. आमचं बरोबर उलटं. कोण पुढे आहे कोण मागे, मला सांगता येणार नाही. लाज घरातून गेली नाही, तिने फक्त खोली बदलली.

मी हे बोलले तर ती फटकन म्हणाली, “मग मावशी, तुम्ही सगळ्या केसांना कलप लावता ते?” प्रश्न बिनतोड आहे. मी म्हटलं, बाळ, गजरा घातला तर तो डोक्यातून उगवलाय असं कुणाला वाटत नाही. कुंकू, काजळ, पैठणी, सगळं शृंगार म्हणूनच दिसतं. बघणाऱ्यापासून काही लपवलेलं नसतं. आपल्या देवांनाही आपण नटवतो. झाकणं वेगळं. ती म्हणाली, “आणि कलप?” कलप कुठल्या बाजूला बसतो, यावर आमचा वाद अजून चालू आहे. कुणाचं काही मत असेल तर कळवावं.

एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. जुनं वापरा, साधं राहा, हे आपण कुणाला सांगतो याकडे लक्ष हवं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंची मुलगी दहावी पास झाली. मी तिला माझ्या लेकीचा उत्तम, जेमतेम दोनदा घातलेला ड्रेस देऊ केला. ती गप्प उभी राहिली. मग आईकडे बघत म्हणाली, “मला एकदा दुकानात जाऊन माझ्या मापाचा घ्यायचाय.” तिचं काय चुकलं? तिने जन्मभर दुसऱ्याच्या मापाचंच घातलंय. जिच्याकडे तीन कपाटं आहेत तिने जुनं घालणं ही आवड असते, आजकाल तर फॅशनही. जिला पर्यायच नाही तिने जुनं घालणं हे वेगळंच काहीतरी असतं, आणि त्याला अपरिग्रह हे नाव देण्याचा अधिकार आपल्याला नाही. आम्ही त्या दिवशी दुकानात गेलो. तिने पोपटी रंग निवडला. मी असता तर कधीच घेतला नसता.

आता इंदूरच्या ताईंना. ताई, तुमच्या मुलीला अनोळखी माणसाचं वापरलेलं कापड अंगावर घालायला लाज वाटत नाही, ही मला तिच्याकडची कमाई वाटते. ती तिच्याकडून काढून घेऊ नका. सात-आठ पार्सलांबद्दल रागावण्याऐवजी एवढंच विचारून बघा की मागच्या महिन्यातला कुर्ता पुन्हा अंगात का आला नाही. उसवला असेल तर शिवून द्या. मापात नसेल तर आमच्याकडे पाठवा. पण “फोटोत येऊन गेला” असं ती म्हणाली, तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला मिळालं, ते मी देण्याची गरज नाही.

यंदाचं वस्त्रसंकलन नेहमीप्रमाणे दिवाळीआधीच्या दोन रविवारी केंद्रावर आहे. फाटलेले, डाग पडलेले कपडे कृपया वेगळ्या पिशवीत द्यावेत आणि त्यावर तसं लिहावं. मागच्या वर्षी एका वस्तीत अशी पिशवी चुकून उघडली गेली आणि तिथल्या आजींनी ती शांतपणे परत बांधून आमच्या हातात दिली. ते कपडे चिंधीवाल्याकडे जातील, वाटपात नाही. मऊ सुती जुनेरं मात्र असतील तितकी हवी आहेत. सरकारी दवाखान्यातल्या बाळंतिणींसाठी दुपटी शिवायला पाच जणी तयार आहेत, शिलाई मशीनही मिळालं आहे. खळीचं नवं कापड नको. धुऊन मऊ झालेलंच आणा.